ग्रिमोआरचा पहिला धडा

बूरोस, स्वीडन
२० फेब्रुवारी १९८३

प्रिय साबिन,

हे पत्र टपालाने येत नाहीये. योरानची चुलत बहीण गुनवोर तिच्या चर्चच्या गायनमंडळाबरोबर तुमच्याकडे येतेय, तिच्या पेटीत लोकरी मोज्यांच्या आत ते आहे. म्हणून आज एकदाच सगळं उघड लिहिते. वाचून झालं की चुलीत घाल.

तू तिथून निघायचंस. बस्स झालं आता. बहीण परदेशी लग्न करून बसली एवढ्या गुन्ह्यापायी पक्षवाल्यांनी तुला शाळेतून काढलं. लॅटिन शिकवणाऱ्या माणसाला फर्निचरच्या कारखान्यात खुर्च्यांच्या पायांची चित्रं काढायला बसवलं! मला भेटायला यायचा अर्ज दोनदा फेटाळला. तिसऱ्यांदा काय वेगळं होणार आहे? तुमच्या कारखान्याची सहल ऑगस्टात युगोस्लाव्हियाला जाते ना, तिच्या यादीत नाव घालून घे. मॅनेजरसाठी कॉफी आणि सिगारेटी गुनवोर देईल. नोवी सादला बस थांबते तिथे योरान गाडी घेऊन उभा राहील. तू फक्त बसमधून उतर आणि परत चढू नकोस. पुढचं आम्ही बघू.

आईला सांगू नकोस. तिच्या पोटात तीळ भिजत नाही, तुला माहीत आहे. आणि तिला एकटीला सोडून कसं यायचं हे मला विचारू नकोस. मी स्वतःलाच रोज विचारते.

मोज्यांच्या खाली एक जाड पुस्तक आहे. वर पाककृतींच्या पुस्तकाचं कव्हर, आत स्वीडिश व्याकरण. नाव असलेली पानं मी फाडलीत. ते पाठ कर. मी इथे आले तेव्हा तीन वर्षं नुसती हसत होते रे, लोकांना वाटायचं योरानने वेडी बायको करून आणली. तुझं तसं व्हायला नको. पण स्वीडिश शिकणारा माणूस म्हणजे पळून जाणारा माणूस, एवढं त्यांनाही कळतं. तेव्हा टपालात 'स्वीडिश' नाही, 'व्याकरण' नाही. आपण म्हणायचं 'ग्रिमोआर'. आठवतंय? आई निखारे पाण्यात टाकून कुणाची दृष्ट काढायला बसली की बाबा खुर्चीतून ओरडायचे, "झेनोविया, तुझं ग्रिमोआर आण!" आणि मग आपल्याला शिकवायचे, की ग्रिमोआर म्हणजे जादूटोण्याची पोथी, आणि तो शब्द झाला फ्रेंचांच्या 'व्याकरण' या शब्दावरूनच. ज्याला वाचता येत नाही त्याला व्याकरणसुद्धा चेटूकच वाटतं. पोस्टमनलाही "व्याकरण चुकतंय" म्हणून थांबवणारा माणूस तो!

आपल्या भाषेतही ग्रिमोआर, स्वीडिशमध्येही ग्रिमोआर, दोन्ही भाषांनी फ्रेंचांच्याच दारातून उसना आणलेला शब्द. म्हणजे मी विसरायला नको. 'ग्रिमोआर शेवटपर्यंत वाचलं' असं लिहिलंस की मी समजेन, नाव यादीत पक्कं झालं.

तुझी ताई,
वेतुरिया


ब्लाज
२७ मार्च १९८३

प्रिय ताई,

मोजे पोचले. आईने एक जोड लगेच घातला आणि म्हणते, पाय स्वीडनला गेल्यासारखे वाटतात.

आजोळच्या पेटीत सापडलेलं ते जुनं ग्रिमोआर मी फावल्या वेळात चाळतोय. तिसऱ्या धड्यापर्यंत आलो. मंत्र तसे साधे आहेत. 'मला घर आहे', 'मला बोट आहे', 'मला दोन बहिणी आहेत', असं म्हणत राहायचं. महिनाभर म्हणतोय, अजून बोट काही आली नाही. बहिणीही एकावरच अडल्यात, आणि खरं सांगू, दुसरी परवडणारही नाही.

मी पुटपुटत असतो ते आई ऐकते. परवा मक्याचं पीठ ढवळता ढवळता म्हणाली, "प्रेमात पडलायस का रे? आणि पडलास तर तिचं नाव एवढं खरखरीत का?" मी म्हटलं, दात दुखतोय. तिने लगेच लवंग काढून दिली. आता दिवसभर तोंडात लवंग धरून फिरावं लागतं.

मॅनेजरसाहेबांची तब्येत तुमच्या कॉफीने सुधारली आहे. ते म्हणाले, बघू.

आमच्या दाजींना नमस्कार.

तुझा,
साबिन


बूरोस
२ मे १९८३

प्रिय साबिन,

तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. इथे बर्फ वितळला, योरानने सायकली बाहेर काढल्या. तुझ्यासाठी वरची खोली रंगवलीय असं मी लिहिणार नाही, आमची आम्हालाच एक खोली जास्तीची हवी होती एवढंच.

एक गंमत सांगते. तुझं पत्र टेबलावर पडलं होतं. योरानला आपल्या भाषेतलं ओ की ठो कळत नाही, पण तो चष्मा लावून बघत बसतो, ग्रंथपाल ना, छापलेलं-लिहिलेलं काही दिसलं की राहवत नाही. एकदम ओरडला, "ग्रिमोआर! हे मला वाचता आलं!" अख्ख्या पत्रात त्याला कळलेला तो एकच शब्द. विचारायला लागला, साबिनला असल्या पोथ्यांचा नाद आहे का? आता काय सांगणार? आपल्या लहानपणीच्या गमती त्याला निम्म्याच ठाऊक आहेत. बाबांच्या त्या थट्टेचं मी सांगितलेलं नाही, पोटात काही राहतच नाही त्याच्या. मी म्हटलं, हो, आहे थोडा नाद. तर स्वारी इतकी खूश झाली! मेहुण्याशी बोलायला विषय मिळाला म्हणे. तुझ्या वाढदिवसाला त्याने स्वतः एक पार्सल पाठवलंय. आत काय आहे ते मलाही सांगत नाही, नुसता मिश्यांत हसतो.

मला वाटतं चॉकलेट असेल.

तुझी ताई


ब्लाज
१२ जून १९८३

ताई,

दाजींची भेट मिळाली. पुस्तक आहे. त्यांचे आभार मानावेत.

आईची प्रकृती उत्तम आहे. माझी उत्तम आहे. ग्रिमोआर आता माझ्याकडे नाही. त्याबद्दल कृपया पुन्हा लिहू नये.

साबिन


बूरोस
२८ जून १९८३

साबिन,

'कृपया'? 'लिहू नये'? तू मला पत्र लिहितोयस की नगरपालिकेला?

मी योरानला खोदून खोदून विचारलं. जुन्या बाजारात जाऊन त्याने इकडच्या शेतकऱ्यांच्या काळ्या विद्येच्या वह्यांवरचं पुस्तक आणलं, चित्रांसकट, आणि तुला धाडलं. मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या अंगावर ताटली फेकली. त्याला काही समजेना. म्हणतो, "पण शब्द तर तोच होता!" हो रे बाबा, तोच होता. दोन दिवस तो जेवला नाही. भोळ्या माणसावर रागावणं म्हणजे गायीला लाथ मारणं, पण मी रागावले.

पण तुझ्यावर जास्त रागावलेय. एका पुस्तकाने घाबरलास? मला कळतंय खरं कारण. लहानपणी नदीत पोहायला जायचं ठरवून तू काठावर बूट सोडत बसायचास, बाकी सगळे पलीकडे पोचले तरी तुझे बूटच सुटायचे नाहीत. आताही तेच. आईचा पदर सोडवत नाही तर तसं सरळ लिही, मी वाट बघायची थांबेन. मनाला लावून घेणार नाही. खोटं बोलतेय, घेईन. पण वाट बघण्याने मी इथे वाळत चाललेय, तेवढं तरी थांबेल.

वेतुरिया


ब्लाज
२० जुलै १९८३

ताई,

तुमच्याकडचा एक फिटर आमच्या कारखान्यात करवतीचं यंत्र बसवायला आला होता. उद्या परत जातोय. त्याच्या हाती हे देतोय, त्यामुळे उघड लिहितो. बूट काढत बसलेला नाही मी. ऐक.

दाजींचं पार्सल टपालातच उघडलं. आत शिंगांचा सैतान, चौकोनात भरलेली अक्षरं, आणि पहिल्या पानावर दाजींच्या हातचं, 'साबिनसाठी, ग्रिमोआर!' उद्गारचिन्हासकट. मग गुप्त पोलिसांनी आपल्या पत्रांच्या ठेवलेल्या नकला काढल्या. त्यातही तोच शब्द. कॅप्टन पिंतेआ म्हणून एक आहे, सभ्य माणूस, बसायला खुर्ची देतो. म्हणाला, "कॉम्रेड मोरार, एकतर तू चेटक्या आहेस, नाहीतर हेर. तूच निवड."

मी काही निवडायच्या आत ते घरी आले. तिघं. उशीखालून पाककृतींचं पुस्तक काढलं, उघडलं, आणि पिंतेआने ते दाजींच्या पुस्तकाशेजारी धरलं. तीच अक्षरं, गोल टोपी घातलेला अ, दोन टिंबांचा ओ. मी मेलोच होतो, ताई.

तेवढ्यात आई पिठाचे हात पुसत बाहेर आली. "अहो, ते माझं आहे," म्हणाली. "ठेवा खाली. आधी हात धुवा." पिंतेआने विचारलं, काय आहे हे? "ग्रिमोआर. मुलीने धाडलं तिकडून. इकडचे मंत्र आता लागू पडत नाहीत, माणसं फार बिघडलीत." तो म्हणाला, "वाचून दाखव." आईने काय करावं? वाटीत पाणी घेतलं, चुलीतले तीन निखारे टाकले, पुस्तक उघडलं आणि घुमायला लागली, "गोर, यिक, गोत! ड्रिकर, ड्राक, द्रुकित!" क्रियापदांची कोष्टकं, ताई! जातो, गेला, गेलेला. पितो, प्यायला, प्यालेला. पुस्तकाकडे बघतही नव्हती, पाठच होतं तिला. मी कामावर गेलो की ती ते काढून वाचत बसायची, मार्चपासून. आणि आपण म्हणे तिला कळू द्यायचं नव्हतं.

तिघांतल्या एकाने छातीवर क्रूस काढला. पिंतेआने त्याला हटकलं, पण स्वतः दोन पावलं मागे सरकला. बाबांचं म्हणणं अक्षरशः खरं झालं. मला हसू येत होतं.

पण इतक्यात संपलं नाही. दाजींचं पुस्तक त्यांनी नेलं, आईचं तिच्याकडेच राहू दिलं. आठ दिवसांनी मागच्या दाराने पिंतेआबाई आली. कपाळ ठणकतं, ऑफिसातल्या बायकांची नजर लागलीय. आईने तिची दृष्ट काढली त्या क्रियापदांनी. बाईचं डोकं उतरलं. कसं ते विचारू नकोस. आता ती दर गुरुवारी येते. आणि तिसऱ्या गुरुवारी आईने तिच्याकडे माझ्या सहलीची गोष्ट काढली. आईला सगळं ठाऊक होतं. तुझं पहिलं पत्र मी चुलीत घातलं होतं, पण तिने ते आधीच वाचलं होतं.

पिंतेआ म्हणाला, नाव घालतो, पण मुलगा विश्वासाचा आहे हे दिसलं पाहिजे. कारखान्याच्या सभेत उभं राहून त्याने अंधश्रद्धेचा निषेध करावा. आईचं नाव घेऊन.

मी नाही म्हणालो. आईने चमचा आपटला. "शब्दच आहेत ना? तुझे बाप आयुष्यभर शब्दच मोजत बसले. बोल आणि मोकळा हो."

मी बोललो, ताई. दोनशे माणसांपुढे. म्हणालो, झेनोविया मोरार, माझी आई, अडाणी आणि मागासलेली बाई आहे, तिच्यासारख्यांमुळे देश मागे राहतो, तिची मला लाज वाटते. ती दुसऱ्या रांगेत बसली होती, डोक्याला सणाचा रुमाल बांधून. मान हलवत होती, लहानपणी मी कविता म्हणायचो तेव्हा हलवायची तशी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता दुकानाच्या रांगेत तिच्याशी कुणी बोलत नाही. घरी आल्यावर म्हणाली, "शेवटी आवाज पडला रे तुझा. पुन्हा विचारलं कुणी तर खणखणीत सांग."

ताई, मला तिची लाज कधीच वाटली नव्हती. मला माझी वाटते. अशा तोंडाने तिथे येऊन मी कुठली भाषा बोलू? मी सहलीला जाणार नव्हतो. आईने माझी बॅग भरून दारात ठेवलीय. रोज सकाळी मी ती आत आणतो, संध्याकाळी ती पुन्हा दारात असते.

ग्रिमोआर शेवटपर्यंत वाचलं.

साबिन


बूरोस
४ सप्टेंबर १९८३

प्रिय आई,

आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून टपालानेच लिहिते. साबिन पोचला. नोवी सादला बसमधून उतरला, योरानच्या गाडीत बसला आणि बूरोसपर्यंत चार वाक्यं बोलला. त्यातली तीन पाण्याविषयी.

आई, तो बोलतच नाही. जेवतो, भांडी घासतो, खिडकीशी बसतो. स्वीडिश त्याला माझ्याहून चांगलं येतं, मला माहीत आहे, पण कुणी दोन शब्द बोललं तरी खाली मान घालतो. योरान बिचारा रोज सकाळी 'कॉफी पितोस?' असं सावकाश विचारतो. परवा ते 'पितोस' ऐकलं आणि साबिन उठून बाहेर गेला, पावसात.

मी त्याला काठावरचा भित्रा म्हणाले होते. मला कधीच क्षमा करू नकोस.

तुझ्याशी ते कसं वागतायत? खरं लिही. आणि त्याला दोन ओळी लिही. तू लिहिलंस तरच तो वाचेल.

तुझी,
वेतुरिया


ब्लाज
२ ऑक्टोबर १९८३

चि. साबिन आणि वेतुरिया यांना आईचे आशीर्वाद. जावईबापूंनाही. आणि हे पाकीट मधे उघडणाऱ्या लेकरा, तुलाही. वाचून झालं की नीट चिकटव, मागच्या वेळी घाई केलीस.

माझं बरं चाललंय. साबिनच्या खोलीत त्यांनी एक जोडपं आणून ठेवलंय, बाई घोरते, पण स्वयंपाकाला मीठ माझंच मागते, म्हणजे माणसात आहे. पिंतेआबाई येत नाही. तिच्या नवऱ्याला वरून फार बोलणी बसली असणार. तिचं कपाळ पुन्हा ठणकत असेल, बिचारी. मला दर मंगळवारी कचेरीत जाऊन सही करावी लागते. जायला-यायला दोन तास, तेवढंच पायांना चालणं. मोजे घालूनच जाते. लाकडं शेजारच्या फ्लोआरेयाने फोडून दिली, अंधार पडल्यावर येऊन, पण दिली. हे सगळं खरं लिहिलंय, वेतुरिया, तू मागितलंस म्हणून. रडू नकोस, आणि ताटल्या फेकू नकोस. जावई सोन्यासारखा आहे. त्याचं ते पुस्तक आलं नसतं तर साबिन अजून मॅनेजरच्या 'बघू'वर बसला असता.

साबिन, आता तुझ्याशी बोलते. सभेत तू जे बोललास ते मी तुला बोलायला लावलं. शिजवलं मी, वाढलंस तू, मग तोंड माझं भाजायला हवं ना, तुझं का? अडाणी तर मी आहेच. चार बुकं शिकलेली बाई मी, तुझ्या बापाने मला जन्मभर चिडवलं. पण ग्रिमोआरचे अकरा धडे मी तुझ्या आधी संपवले होते. तेव्हा गप्प बसून मला लाजवू नकोस. जावयाने कॉफी विचारली की 'हो, पितो' म्हण. मी एवढी म्हातारी त्या पितोवर घसा फोडून बसले, ते काय पिंतेआबाईसाठी?

गेल्या मंगळवारची गोष्ट सांगते. पिंतेआने माझ्यापुढे कागद ठेवला. छापील होता, फक्त नाव भरायचं. वर लिहिलं होतं, 'मला एक मुलगा होता. त्याने देशाशी गद्दारी केली. माझा त्याच्याशी संबंध उरलेला नाही.' म्हणाला, "सही करा आजी, दर मंगळवारची पायपीट संपेल. पेन्शनही चालू राहील. तुमच्या मुलाने तर तुम्हाला भर सभेत टाकलं, तुम्ही त्याला एका कागदावर टाका, फिटंफाट."

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सगळं सावकाश वाचलं. पुस्तकात पहिल्या धड्यात काय आहे, साबिन? 'मला घर आहे, मला मुलगा आहे.' भूतकाळ लागतो तो थेट सातव्या धड्यात. तो धडा मी मंत्र म्हणून पाठ केला, पण स्वतःसाठी कधी म्हटला नाही.

कागद त्याच्याकडे सरकवला. म्हटलं, "साहेब, व्याकरण चुकतंय तुमचं."

पेन्शन बंद झालीय. पुढचा मंगळवार परवा आहे, मी जाणार आहे. तू पत्र लिही, स्वीडिशमध्ये लिही. मला येतं.

आई